गूळ घरचा, साखर पाहुण्याची

आमच्या घरात गूळ उघड्यावर असायचा आणि साखर कुलपात. गुळाची ढेप माजघरात पाटावर, जुन्या धोतराच्या फडक्याखाली. शेजारी एक मोडका विळा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विळ्याच्या पाठीनं खडा फोडावा आणि तोंडात टाकावा, विचारायचं कुणाला नाही. साखर मात्र आज्जीच्या पेटीत, पितळी डब्यात, आणि पेटीची किल्ली आज्जीच्या कनवटीला. त्या पेटीत आणखी काय होतं म्हणाल तर दोन इरकली लुगडी, आजोबांचा ठेवणीतला फेटा, सातबाऱ्याचे कागद आणि कापराची पुडी. त्यामुळं आमच्या साखरेला कायम कापराचा वास. तेव्हा वाटायचं, साखरेचा वास असाच असतो.

मी भोगावतीच्या काठचा, १९६० चा. माझ्या वयाची माणसं लहानपणच्या गोडाच्या गप्पा मारायला बसली की थेट काचेच्या बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्यांपासून सुरुवात करतात. लिमलेटवर मी येईन, पण सावकाश. आमचं गोड सुरू व्हायचं ते गुळापासून. पुरण गुळाचं, खपली गव्हाची खीर गुळाची, नागपंचमीची दिंडं गुळाची, शेंगदाण्याचे लाडू गुळाचे. उन्हातून माणूस दारात आला की आधी तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा. नाव-गाव मागाहून.

चहाची गोष्ट वेगळी. पाहुणा सोप्यात टेकला की आज्जी आईला विचारायची, "चहा कसला टाकतीस गं?" आणि आई उत्तर द्यायची ते सोप्यात ऐकू जाणार नाही इतपत हळू. तलाठी, मास्तर, जावई आणि सोयरीक घेऊन आलेली माणसं यांना साखरेचा. बाकीच्यांना, म्हणजे आम्हालाही, गुळाचा. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की चहा फाटतो, म्हणून कोरा चहा गाळून घ्यायचा आणि दूध वेगळं तापवून वरून सोडायचं. आत्तीच्या नवऱ्याला एकदा घाईत गुळाचा चहा गेला आणि ते कप अर्धा ठेवून उठले, असं आमच्या घरात पक्कं समजतात. आत्ती म्हणायची, तसं काही झालं नव्हतं, त्यांना मुळात चहाच आवडत नव्हता. घरातल्या भांडणांचं दप्तर कुठं जपून ठेवलेलं नसतं, तेव्हा दोन्ही खरं धरून चालायचं.

आज्जीचं माहेर निपाणीकडचं. जन्मसाल तिला सांगता यायचं नाही. मोठ्या प्लेगच्या मागनं आणि मानमोडीच्या आधी, एवढंच. तिच्या वडिलांनी म्हणे लोकमान्यांच्या स्वदेशीच्या वेळी साखर सोडली. तेव्हा पांढरीशुभ्र साखर आगबोटीनं यायची, मॉरिशसातून, जावा बेटातून. जुनी माणसं तिला मोरस म्हणायची. ती साफ करायला हाडांचा कोळसा वापरतात हे कळल्यावर तर सोवळ्यातल्या घरांनी तिचं नावच टाकलं. आज्जी हात उडवून सांगायची, "आमच्या बानं डब्याच्या डबा वेदगंगेत उपडा केला. मासं गोड झालं हुतं त्या साली." तात्या, म्हणजे माझे वडील, पानाला चुना लावता लावता म्हणायचे, "आई, त्यांच्या घरात नदीत फेकायला साखर हुती कुठं?" त्यावर आज्जी दिवसभर तात्यांशी बोलायची नाही. पण गोष्ट पुढच्या खेपेला पुन्हा तशीच, फक्त डब्याच्या जागी घागर.

परदेशी साखरेवर सरकारनं जबर जकात बसवली ती १९३२ च्या सुमाराला. मग देशात जिकडंतिकडं कारखाने निघाले. आमच्याकडं राजाराम महाराजांच्या अमदानीत कसबा बावड्याला साखरेचा कारखाना उभा राहिला. आजोबा तो बघायला म्हणून बैलगाडी जुंपून गेले, एक मुक्काम करून आले आणि आल्याआल्या निकाल देऊन मोकळे झाले, "गुळाला गुळव्या लागतो. तिथं चव कोण बघतच न्हाई." त्यांच्या लेखी कारखान्याची गोष्ट तिथंच संपली. ती तशी संपणार नव्हती, हे त्यांना दिसलं नाही की दिसूनही मान्य करायचं नव्हतं, कोण जाणे.

कोल्हापूरची माती गुळाची, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, पुढं राधानगरीच्या धरणाचं काम काढलं. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी गुऱ्हाळं. माझ्या लहानपणी दिवाळी सरली की नदीकाठानं संध्याकाळी धुराच्या रेघा उभ्या दिसायच्या आणि वास तर गावात शिरायच्या आधीच लागायचा. त्या वासावरून आजोबा सांगायचे, कुणाची काहील उतरायला आली आणि कुणाची करपली.

आमचं गुऱ्हाळ मळ्यात होतं. आमचं म्हणजे भावकीतल्या चार घरांचं मिळून. त्याआधी लाकडी घाणा होता म्हणे, मग किर्लोस्करवाडीचा लोखंडी चरक आला, आणि मी बघितलं तेव्हा बैलं सुटून ऑइल इंजिन लागलं होतं. आजोबांना इंजिनाचा राग. बैल थांबला की माणसालाही जरा थांबता येतं, इंजिन कुणाला बसू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोळ्या आत जायच्या, एका अंगानं चिपाडं पडायची आणि दुसऱ्या अंगानं फेसाळ रस टाकीत. टाकीशी एक पितळी तांब्या कायम ठेवलेला. आजोबांचा दंडक होता, गुऱ्हाळावर आलेल्याला रस दिल्याशिवाय सोडायचं नाही. मग तो वाट चुकलेला वाटसरू असो, शाळेची सहल घेऊन आलेले गुरुजी असोत, नाहीतर बांधावरून कोर्टात गेलेला चुलत भाऊ. चुलत भाऊ रस प्यायचा, तांब्या पालथा घालायचा आणि न बोलता निघून जायचा. सात-आठ वर्षं हे चाललं. तारखा पडत राहिल्या, रस चुकला नाही.

काहील एवढी मोठी की दोन माणसं त्यात आडवी झोपावीत. खाली चुलवाण, आणि चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून वाळली चिपाडं सारणारा माणूस. त्याचं तोंड दिवसभर आगीकडं, पाठीवर थंडी. रस तापायला लागला की रानभेंडी घालायची. भेंडीची ताटं आदल्या रात्री ठेचून पाण्यात भिजवलेली असायची. तो बुळबुळीत रस काहिलीत पडला की थोड्या वेळानं काळी-हिरवी मळी वर येते. ती झाऱ्यानं काढून टाकायची, पुन्हा येते, पुन्हा काढायची. मळी काढायचा कंटाळा केला की गूळ काळा पडतो आणि पेठेत अडत्या नाक मुरडतो. मळी सरली की रस पिवळा होतो, मोठमोठे बुडबुडे येतात, आणि बुडबुडे लहान आणि जड व्हायला लागले की पहिली आरोळी पडायची, "काकवी न्या रं!" मग आळीतल्या बायका कासंडी, किटल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन उभ्या. काकवी ही गुळाच्या आधीची पायरी; इथं थांबलं तर भाकरीबरोबर, आंबोळीबरोबर वर्षभर खा, पुढं गेलं तर गूळ.

त्यापुढचा सगळा खेळ गुळव्याचा. आमचा गुळव्या कागलकडचा होता, हंगामापुरता यायचा. नाव सगळे नुसतं गुळवीमामा म्हणायचे, तेव्हा खरं नाव मला आजही ठाऊक नाही. उतार बघायला तो फावड्यावरचा पाक पाण्याच्या पाटीत टिपकवायचा, बोटांनी त्याची गोळी करायचा आणि काहिलीच्या काठावर मारायचा. गोळी दबली तर अजून जाळ. टण्णकन वाजली की हात वर. हात वर झाला की सगळे धावायचे, कारण त्यानंतर उशीर झाला तर केलेलं सगळं मातीत. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना रेषा उरल्या नव्हत्या. रेशनकार्डावर अंगठा उमटत नाही म्हणून चावडीत त्याला परत पाठवल्याची हकिगत तो हसत हसत सांगायचा. आणि हा माणूस गूळ खायचा नाही. ज्वारीची भाकरी, लाल चटणी आणि कांदा. गोड विचारलं की म्हणायचा, "वास घेऊनच प्वाट भरतंय."

आम्ही पोरं सोललेल्या उसाची कांडी घेऊन वाफ्याच्या कडेला टपलेलो. काहील वाफ्यात ओतली की फावड्यानं घोटत घोटत गूळ निवायला लागतो. तेव्हा कांडं त्यात बुडवायचं, गरगर फिरवून वर काढायचं आणि गार हवेत धरायचं. वरची साल कडक, आत मऊ ओढाळ गूळ, त्याच्या आत ऊस. चावलं की तिन्हीची गोडी वेगळी लागायची. थोरल्या बहिणीची युक्ती आणखी वरची: केळीच्या पानावर भाजलेले शेंगदाणे पसरायचे आणि गुळवीमामाला गळ घालून त्यावर एक फावडं गूळ ओतून घ्यायचा. आई फडक्यात बांधून रताळी पाठवायची, ती काहिलीत सोडायची. काहिलीत शिजलेल्या रताळ्याची साल गुळानं चकचकीत झालेली असते आणि आत बोट लावावं तर भाजतं. त्या भाजण्याची खूण माझ्या डाव्या तर्जनीवर आहे.

आता वळिवड्याची गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या घरी गुळाच्याच निमित्तानं निघायची. महायुद्ध चाललं होतं, साखर कार्डावर गेली होती. १९४३ साली कोल्हापुरापासून चार-पाच कोसांच्या आत, वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. त्यांना आधी घरातून उचलून रशियात नेलेलं, तिथून इराणमार्गे ही माणसं हिंदुस्थानात आलेली. आमच्या लोकांना यातलं काय कळणार? गोऱ्या बाया, पण साहेबाच्या नव्हेत, आणि गरीब, एवढं कळलं. आजोबा गाडीतून तिकडं गूळ, वांगी, केळी घेऊन जायचे. तात्या तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, बापाबरोबर गाडीत. तात्या सांगायचे, त्या बाया मराठीत भाव करायच्या, आणि "जास्त हाय, कमी कर" हे तर आमच्या बायकांपेक्षा ठसक्यात म्हणायच्या.

एका बाईनं एकदा तात्यांच्या हातावर घरी केलेल्या मिठाईच्या वड्या ठेवल्या. कागदात गुंडाळलेल्या, भुऱ्या रंगाच्या, दुधाचा खवट-गोड वास, वरून कडक आणि आत मऊ. तात्यांनी एक खाल्ली आणि बाकीच्या आईसाठी टोपीत ठेवून आणल्या. तात्यांच्या मते ते त्यांनी खाल्लेलं पहिलं चॉकलेट. आज्जीचं मत वेगळं, "चाकलेट कशाचं? आपलाच गूळ हुता त्यात. मी जिभंवर ठेवल्याबरोबर वळखला." आता साखरेच्या टंचाईत त्या बाईनं गूळ घातला असेल, असेलही. दूध आटवून त्यात गूळ घातला तर दूध फाटतं, हे आज्जीला ठाऊक असून ती आपल्या म्हणण्यावरून कधी हलली नाही. मीही हलणार नाही.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि तिथं सिंधमधून आलेली माणसं वसली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. २०१९ साली त्या छावणीत वाढलेली, आता म्हातारी झालेली काही माणसं पोलंडहून कोल्हापुरात येऊन गेली, पेपरात फोटो आले. तात्या तेव्हा नव्हते. असते तर एस.टी.नं गेले असते आणि एखादी आजीबाई गाठून विचारलं असतं, त्या वडीत गूळ होता का साखर, एकदाचं सांगा.

माझ्या वेळची साखर म्हणजे रेशनची. १९६७ नंतर कारखान्याच्या साखरेचे दोन वाटे झाले: लेव्हीची रेशनच्या दुकानात, बाकीची खुल्या बाजारात, महाग. रेशनची साखर कधी ओलसर, कधी काळपट, पण सणाच्या आधी ती आली की पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं काम आमचं. खरी अडचण व्हायची ती संक्रांतीला. तिळगूळ गुळात होतो; काटेरी हलवा काही गुळात होत नाही.

वरच्या आळीत पोस्टमास्तरांच्या घरी एक काकू होत्या, त्यांचा हलवा गावात नावाजलेला. पहाटे चारला उठून त्या शेगडीवर मंद निखाऱ्यांवर परात ठेवायच्या. परातीत खसखस नाहीतर तीळ. वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे, पाक सुकेपर्यंत. सुकला की पुढचा चमचा. असे दिवसचे दिवस, तेव्हा तिळाच्या एका दाण्याला अंगभर काटा येतो. पाक दूध घालून उकळून स्वच्छ केलेला हवा, निखारा वाढता कामा नये, आणि आभाळ आलं की काटा बसतो. काकू त्या दिवसांत कुणाशी मोठ्यानं बोलायच्या नाहीत. आम्ही दाराशी बसून बघायचो. त्यांची बोटं पांढरी पडलेली असायची आणि त्या मधून मधून ती कानाच्या पाळीला लावायच्या.

एका वर्षी त्यांच्या लेकीची पहिली संक्रांत होती. हलव्याचे दागिने करायचे होते, हार, बाजूबंद, बिंदी सगळं, आणि रेशनची साखर आलीच नाही. संध्याकाळी काकू आमच्याकडं आल्या, हातात झाकलेली वाटी. बराच वेळ थंडीचं, ढगांचं, पोस्टाच्या बदल्यांचं बोलत राहिल्या. शेवटी आज्जीच म्हणाली, "वैनी, साखर कमी पडली व्हय?"

"आक्का, अहो, आलीच नाही दुकानात."

"मग मघापासनं आभाळाचं काय सांगत बसलाय?"

आज्जीनं कनवटीची किल्ली काढली, पेटी उघडली, आणि वाटीकडं न बघता पितळी डबाच काकूंच्या ओच्यात ठेवला. त्या महिन्यात तलाठीसुद्धा गुळाचा चहा पिऊन गेला. संक्रांतीनंतर काकूंनी डबा परत दिला तो रिकामा कसा देणार, म्हणून तळाशी मूठभर हलवा. त्याला कापराचा वास होता. काकूंच्या लेकीच्या अंगावरचे दागिनेही तसेच घमघमले असणार.

मोहरमचे चोंगेही असेच आमच्या गोडात धरायचे. आमच्या गावात पंजे बसायचे आणि त्यांच्या मानाचं लाकूड आमच्या भावकीतून जायचं. कत्तलरात्रीच्या आसपास घरोघरी चोंगे व्हायचे, गव्हाच्या गोड पोळ्या, वर खसखस, नक्षी उठवलेली, आणि चुरमा केलेला मलिदा. आमच्याही घरी व्हायचे, आज्जी नवस बोलली होती म्हणून. कुणासाठी ते विचारलं तर म्हणायची, "तुझ्याचसाठी रं, लहानपणी तू जगत नव्हतास." हे ती सगळ्याच नातवंडांना सांगायची असं पुढं कळलं.

मामाचं गाव आटपाडीकडं. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आई आम्हाला घेऊन गेली, बरोबर गुळाची अर्धी ढेप. आमच्या नदीकाठाला दुष्काळाची झळ कमी. तिकडं विहिरींचे तळ दिसत होते. सगळा गाव खडी फोडायच्या कामावर. रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच. मामा त्यांचं नाव देवाच्या नावाखालोखाल घ्यायचा. मामी संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा पदरात सुकडी बांधलेली असायची. तपकिरी, रवाळ, गुळमट भरड. कोरडी खाल्ली की ठसका लागायचा, पाण्यात कालवली की तिचा गोड लगदा. कामावर ती मजुरांना खायला द्यायचे, तिथल्या तिथं. मामी आपली अर्धी राखून पोरांसाठी आणायची. आम्हीही पोरंच, आम्हाला वाटा मिळायचा आणि आम्ही तो बिनदिक्कत खायचो. बरोबर अमेरिकेतून आलेल्या मिलोची लालसर भाकरी, तिला चव म्हणून नव्हती.

आणि आईनं नेलेला गूळ? तो मामाच्या आईनं त्याच संध्याकाळी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. पाहुणे आल्यावर काढायचा म्हणून. आमच्या माजघरात ज्याला फडकं पुरायचं, त्याला तिथं कुलूप. मला तेव्हा नवल वाटलं. आई मात्र त्या रात्री जेवली नाही.

आता लिमलेट. गावातल्या वाण्याच्या दुकानात फळीवर काचेच्या चार बरण्या. एकीत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या लिमलेटच्या गोळ्या, एकीत श्रीखंडाच्या गोळ्या, एकीत रावळगाव, आणि चौथीत त्या वेळी जे काय असेल ते. चौकोनी पाच पैशांत जिभेला रंग चढायचा. त्याच काळात वीस पैशांचं पितळेसारखं पिवळं नाणं निघालं, वर कमळ. आज्जी ती खर्चू द्यायची नाही, लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यात ठेवायची. आमच्या कितीतरी गोळ्या अशा देव्हाऱ्यात अडकल्या. पार्ल्याची वेलचीच्या वासाची किसमी शहरात जाणाऱ्या मामानं आणली तरच. ही सगळी 'चॉकलेटं'. खऱ्या चॉकलेटचा वाससुद्धा आम्ही कॉलेजात गेल्यावर घेतला. जत्रेत आणि गावात अधूनमधून बांबूवाला यायचा. बांबूच्या टोकाला टाळ्या वाजवणारी बाहुली, खाली गुलाबी-पांढरी चिकट मिठाई गुंडाळलेली. ती ओढून ओढून तो मनगटावर घड्याळ बांधून द्यायचा. घड्याळ दाखवत गावभर हिंडायचं आणि घाम आला की चाटून संपवायचं. आज्जीला त्याचा राग. माश्या बसतात, म्हणायची. गुऱ्हाळावरच्या माश्या तिला कधी दिसल्या नाहीत.

या सगळ्या गोळ्यांतली रावळगाव मला जवळची, कारण तीही उसाचीच लेक. वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या निघायला लागल्या. २०२४ साली तो छाप रिलायन्सनं सत्तावीस कोटींना घेतल्याचं वाचलं.

आमच्या पेटीचं कुलूप काढलं ते सहकारी कारखान्यांनी. प्रवरेला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी वाट पाडली, आणि बघता बघता आमच्याकडंही भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री असे कारखाने उभे राहिले. तात्या सभासद झाले. आजोबा गुऱ्हाळाच्या बाजूचे, तात्या कारखान्याच्या; दोघं एकाच पंगतीला बसून आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. ऊस तोडून नेणार कारखाना, पैसे खात्यावर, रात्रीचं जागरण नाही, काहील करपायची भीती नाही. तात्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. गुऱ्हाळावर मरमर करणाऱ्यालाच त्याची किंमत ठाऊक. आणि मग दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीची साखर यायला लागली. पहिल्यांदा पोतं घरी आलं तेव्हा ते सोप्यातच उभं होतं दोन दिवस, पेटीत मावणार कसं? आज्जी त्याच्याभोवती फिरून आली, हात लावून बघितला, आणि किल्ली कनवटीचीच राहिली पण साखरेसाठी तिची गरज उरली नाही. त्यानंतर घरात सगळ्यांना साखरेचा चहा. आजोबा तेवढे शेवटपर्यंत गुळाचा प्यायले आणि आमचं गुऱ्हाळ त्यांच्या पाठोपाठ दोन हंगामांत बंद पडलं. काहील भंगारात गेली. चरकाचा एक लाट अजून परड्यात आहे, त्यावर कपडे वाळत घालतात.

साखर मुबलक झाली तसं कोल्हापुरानं तिचंही चीज केलं म्हणा. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला कोल्हापुरात जिलेबी खातात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. झेंडावंदन झालं की चौकाचौकांत कढया आणि त्यासमोर रांगा. कागदाच्या पुड्यातून तेल-पाक झिरपत घरी न्यायची. ही चाल कधी पडली यावर कोल्हापुरातले दोन म्हातारे एकत्र आले की तीन हकिगती निघतात. आम्ही मोजत नाही, खातो.

आता चाक असं उलटं फिरलंय की आज्जी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. किराणा दुकानात साखर स्वस्त आणि गूळ महाग. पाहुणे आले की सूनबाई विचारते, "काका, गुळाचा चहा चालेल ना?" आणि तो मानानं, मातीच्या कपात येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण साखर स्वस्त झाली तशी काही गुऱ्हाळांवर काहिलीत साखरेची पोतीच रिकामी व्हायला लागली, आणि गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून रंग उजळायला हायड्रोस. गुजरातच्या पेठेत पिवळाच चालतो, असं अडते सांगतात. गुळव्याची बोटं आता शोधून सापडत नाहीत. पोरं शिकली, शहरात गेली, आणि त्यांनी जावंच. माझं मत विचाराल तर पिवळा गूळ घेऊ नका. चांगला गूळ तांबूस-तपकिरी असतो, तोडला की आत रवा दिसतो, आणि जिभेवर गोडाबरोबर किंचित खारटपणा ठेवून जातो. तो खारटपणा नसेल तर त्यात साखर आहे असं खुशाल समजा.

कोल्हापूरच्या भोवताली अजूनही काही गुऱ्हाळं दिवाळीपासून होळीच्या आसपास चालू असतात. गेलात तर संध्याकाळी, काहील उतरायच्या वेळेला जा. रस कुणीही देतं, पैसे विचारू नका, ओळख विचारा. काकवी मात्र विकत घ्या आणि ती गरमच मिळते, तेव्हा प्लास्टिकची बाटली नेऊ नका. स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा न्या.